खिडकीकडे वळा

डॉक्टर किसांगा आधी ट्यूबलाइट बंद करतात.
"हिच्या उजेडात सगळेच आजारी दिसतात,"
म्हणतात, आणि पेशंटची खुर्ची ओढतात खिडकीपाशी.
मोशीत सकाळी साडेआठला
किलिमांजारो ढगात असतो,
उजेड मात्र धुतल्यासारखा.

मी मलावीची. म्झुझूच्या दवाखान्यात सहा वर्षं
बाळंतपणं केली, मलेरिया पाहिला, हाडं बसवली.
कातडीसाठी कपाटात एकच ट्यूब होती,
खरजेला ती, नायट्याला ती,
आणि ज्याला नाव ठाऊक नाही त्यालाही तीच.
लावा, आठवड्यानं या.
कुणी फिरकलं नाही की मी लिहायची: बरा झाला.

इथे पहिले तीन महिने रोगाचं नाव काढायचं नाही.
औषधाचं तर नाहीच.
फक्त काय दिसतं ते सांगायचं.
सपाट की उंच. कड कुठे संपते.
खवले कोंड्याचे की अभ्रकाचे.

"लाल," मी म्हणाले पहिल्या दिवशी.
"कुठे?"
पुस्तकात होतं लाल. पुस्तकातली पाठ गुलाबी होती,
तिच्यावर लाल कुणालाही दिसलं असतं.
समोरची पाठ तेशा म्हाताऱ्याची,
साठ वर्षं कॉफीच्या मळ्यात उन्हाकडे वळलेली.
"जांभळट," मी म्हणाले.
मग, "नाही. करडं. कडेला विझत आलेल्या कोळशासारखं."
डॉक्टरांनी चष्मा पुसला. बाकी काही नाही.
तेशा म्हणाले, "पोरी, खाजतं ते लिहिलंस का?"

एलिबारिकी सात वर्षांचा, केस मक्याच्या तुऱ्यासारखे,
डोळे उजेडाला घाबरून बारीक.
त्याला दोन महिन्यांचं क्रीम दिलेलं, पंधरा दिवसांत संपलं.
मी रागावले. त्याची आई जमिनीकडे बघत राहिली.
तो म्हणाला, मी सगळ्यांना लावतो,
गोलकीपरला, डाव्या बगलेच्या दोघांनाही,
नाहीतर ते म्हणतात, तू वेगळा.
अकरा काळीभोर पोरं, नाकावर पांढरे पट्टे,
भर दुपारी, मैदानात.
डॉक्टरांनी चिठ्ठीवरचा आकडा खोडला,
दुसरा लिहिला, आणि म्हणाले, "कानांच्या टोकांना विसरू नकोस, कॅप्टन."

एकदाच चुकले मोठं.
मामा अनाएली, बसस्टँडवर मांदाझी तळणारी,
हातावर फिकट चट्टा, नाण्याएवढा. मी लिहिलं, नायटा.
बोटांवरचे भाजल्याचे डाग मी पाहिले होते;
तळणाऱ्या बाईची बोटं, असायचेच.
डॉक्टरांनी कापसाचं टोक पिळून वातीसारखं केलं, माझ्या हातात दिलं.
"डोळे मिटा मामा, लागलं की हो म्हणा."
हो, म्हणाली. हो. हो.
मग मी चट्ट्याच्या आत आले.
एकदा. दोनदा. पाचदा.
ती डोळे मिटून, किंचित हसत, वाट बघत बसलेली.
"सुरू नाही केलं का अजून?"

त्या रात्री जेवण गेलं नाही.
"अंगाला लावून घेऊ नकोस," मैत्रिणी म्हणाली.
मग कशाला लावून घ्यायचं?
शिकायला आलेय तेच तर.
सहा महिने गोळ्या घेतल्या मामानं. चट्टा विरला.
स्पर्श मात्र पुरता आला नाही;
ती आता लांब दांड्याचा झारा वापरते,
आणि मला पैसे देऊ देत नाही.

आईचा फोटो येतो अधूनमधून:
शेजारणीचा पाय, पाद्रीबुवांची मान,
कुणाचं तरी काहीतरी, पिवळ्या बल्बखाली, हललेलं.
हे काय आहे गं, एवढंच खाली.
मी लिहिते, सकाळी दाराशी नेऊन काढ.

आज सकाळी आला.
उजेड बरोबर. हात अजिबात हललेला नाही.
बोटातली अंगठी ओळखीची.
रोगाचं नाव मला ठाऊक आहे.
तरी नियमाप्रमाणे आधी वहीत उतरवलं:
कोपर, बाहेरचं अंग. उंच. कड स्पष्ट.
खवले अभ्रकाचे.
बरेच जुने.